एका स्कूटरला दोन नारळ

माझा मुलगा सुमंत महिनाभरापासून गोड बोलतो आहे, आणि ते मला बिलकुल पसंत नाही.

ज्या माणसानं जन्मात कधी मला पाण्याचा ग्लास हातात दिला नाही, तो रोज संध्याकाळी जिना उतरून खाली येतो आणि विचारतो, "आई, गुडघे कसे आहेत?" गुडघे कसे असतात? माझे गुडघे त्यांच्या जागेवर आहेत. एक दिवस तर संत्रा बर्फीचा डबा घेऊन आला. सण नाही, वार नाही, कोणी पास झालं नाही. मी डबा उलटा करून खालची तारीख वेदिकाकडून वाचून घेतली. म्हटलं, दुकानदारानं जुना माल स्वस्तात दिला असेल. बर्फी ताजी होती. तेव्हा तर माझा संशय आणखीच पक्का झाला.

सक्करदऱ्यातलं आमचं हे घर माझ्या नवऱ्यानं, मार्तंडरावांनी बांधलं आणि कागद माझ्या नावानं केले. मला न विचारता त्यांनी केलेलं हे एकच काम, आणि ते बरोबर केलं. वर सुमंत आणि त्याची बायको रितिका राहतात. खाली मी, आणि फारकत झाल्यापासून माझी मुलगी वेदिका आणि तिची गार्गी.

वेदिकाचा नवरा म्हणजे प्रीतम. होता. लकडगंजात त्याचा चौकटी-दरवाजे बनवायचा कारखाना. त्यात लाकूड कापायची एक मोठी आरा मशीन. लग्न चांगलं चाललं होतं तेव्हा ही मशीन घ्यायला त्यानं पतसंस्थेतून कर्ज उचललं आणि वेदिकाची नोकरी पक्की म्हणून तिचीही सही घेतली. तिनं दिली. नवऱ्यानं कागद पुढं केला की आमच्या पोरी तो वाचत नाहीत, पेन शोधतात. पुढं कोर्टानं तिला नवऱ्यापासून फारकत दिली, पण पतसंस्थेपासून दिली नाही. प्रीतमनं हप्ते भरणं बंद केलं आणि पतसंस्था वेदिकाच्या पगारातून कापायला लागली. शाळेच्या ऑफिसात बसून पगार तो किती? त्यातला मोठा तुकडा त्या मशीनसाठी जातो, जिचा आवाजही आमच्या घरापर्यंत येत नाही. गार्गीसाठी कोर्टानं महिन्याची खावटी, म्हणजे पोटगी, बांधून दिली होती. ती आधी वेळेवर आली, मग उशिरा आली, मग यायचीच राहिली. गार्गीची शाळेची बस बंद केली. वेदिका सकाळी तिला स्वतः सोडते आणि तिथून धापा टाकत कामावर जाते.

आणि आता प्रीतमनं कोर्टात अर्ज दिला होता की कारखाना बसला, मशीन विकली, माझ्याजवळ काही नाही, खावटी कमी करा. दसऱ्यानंतरच्या सोमवारी तारीख होती. त्याच्या आधी एक समझोत्याचा कागद आमच्या घरी आला. खावटी अर्धी, राहिलेलं कर्ज सगळं वेदिकाच्या डोक्यावर, आणि पुढं कोणी कोणाला काही मागायचं नाही. हा कागद पोस्टानं आला नाही, वकिलाकडून आला नाही. तो सुमंतच्या खिशातून निघाला.

बर्फीच्याच दिवशी त्यानं विषय काढला. वेदिका कणीक मळत होती. हा खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला.

"वेदू, पाह्य, मी तुह्या भल्याचंच सांगून राहिलो. प्रीतमजीजवळ आता राहिलं काय? मशीनबी विकली त्यानं. सोमवारी सही करून टाक अन् मोकळी हो."

प्रीतमजी! भात खाताना दाताखाली खडा यावा तसा तो 'जी' मला लागला. वेदिका दोन बॅगा घेऊन परत आली, त्या दिवशी याच सुमंतनं अंगणात उभं राहून त्या माणसाच्या सात पिढ्या काढल्या होत्या. शेजारची रंभाबाई ऐकायला गच्चीवर येऊन बसली होती. तेव्हा तो हरामखोर होता. हरामखोराला 'जी' कधी लागला?

"कोणाले विकली मशीन?" मी विचारलं.

"असन कोणी. मले काय माहीत?"

"मंग विकली हे कसं माहीत?"

"बाजारात बोलतात ना लोक."

"तू कोणत्या बाजारात बसून राहिला गा? तू तर दवाखान्याच्या खिडकीत बिलं फाडते म्हणे."

तो हसला. एरवी असं बोलले असते तर पाय आपटत वर गेला असता. "आई, तू पोलिसात पाहिजे होती," म्हणाला.

"असती तर पहिले तुलेच आत टाकलं असतं."

"दादा," वेदिका हळूच म्हणाली, "पण मग लोन सगळं माझ्याच गळ्यात येईल ना?"

"आतां कोणाच्या गळ्यात आहे? तुह्याच पगारातून कटून राहिलं ना? खावटी थोडी कमी होईन, पण डोक्याचा ताप तर जाईन. कोर्टात पुढं किती वर्षं चप्पल घासशीन?"

वेदिकानं कणकेचा गोळा झाकून ठेवला आणि म्हणाली, "बघते."

माझी मुलगी भांडायची असली की 'नाही' म्हणते. 'बघते' म्हणाली म्हणजे ती दमली. तारीख पडली की अर्धी रजा, रजेचा पगार कट, आणि तिथं जाऊन पुढची तारीख. दमणार नाही तर काय? मी त्या रात्री तिला फक्त एवढंच म्हटलं की सही करायच्या आधी मला सांग. ती म्हणाली, "सांगेन, पण आई, मला आता खरंच झोप हवी आहे." आणि पोरीच्या अंगावर हात टाकून झोपली.

दुसऱ्या दिवशी मी तुळशीला पाणी घालायला अंगणात गेले, तर जिन्याखाली सुमंतची स्कूटर. जिथं पाय ठेवतात तिथं बारीक पिवळी भुकटी साचलेली. चिमटीत घेऊन नाकाला लावली. सागवान. यात मी चुकत नाही. हे घर बांधताना सुतारांनी सागवानाच्या नावाखाली दुसरं लाकूड खपवू नये म्हणून मी दिवसभर अंगणात खाट टाकून बसत होते. एकेक फळी हुंगून आत जाऊ दिली. मार्तंडराव म्हणायचे, ही बाई देवळात गेली तर देवाचीही फळी हुंगेल.

दवाखान्यात बिलं फाडणाऱ्याच्या स्कूटरवर सागवानाचा भुसा कुठून आला?

रितिका कपडे वाळत घालत होती. तिला सहज विचारलं, "काहून वं, दवाखान्यात लाकडाचं काम निघालं का काही?"

"हो ना आई, नवीन काउंटर बनवून राहिले तिथं," ती लगेच म्हणाली. फारच लगेच.

संध्याकाळी सुमंत गुडघे विचारायला आला तेव्हा त्यालाही सहज विचारलं, "दवाखान्यात काही काम निघालं का गा?"

"कायचं काम? काही नाही."

नवराबायकोला खोटं बोलायचं असेल तर आधी एकदा सोबत बसून ठरवून घ्यावं. एवढंही यांना जमत नाही. दोन्ही उत्तरं पदराला गाठ मारून ठेवली. मला तेव्हा वाटलं ते असं की, मशीन विकल्याची गोष्टच थाप आहे, मशीन तिथंच चालू आहे, आणि प्रीतम सुमंतला गिऱ्हाईकबिऱ्हाईक मिळवून दिल्याचे काही पैसे चारत असेल. म्हणून हा 'जी'. म्हणून बर्फी. पण नुसत्या बर्फीवरून वकिलाला काय सांगणार? भुशाची पुडी कोर्टात नेता येत नाही.

एक गोष्ट मात्र मला माहीत होती. वेदिकाच्या लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला प्रीतमनं आम्हा सगळ्यांना कारखान्यात पूजेला बोलावलं होतं. मशीन धुऊनपुसून झेंडूच्या माळा घातल्या होत्या. पोटभर शिकलेला माणूस, पण पाटावर बसून आऱ्याच्या पात्याला स्वतःच्या हातानं कुंकू लावलं. मी म्हटलं होतं, तुमचा मिस्त्री जवळ आहे, त्याला लावू द्या, पात्यानं हात कापेल. तर म्हणाला, "नाही आई. कागदावर कोणाचंबी नाव असो, दसऱ्याले पात्याले कुंकू मालकाचाच हात लावते. दुसऱ्याचा लागला तर मशीन वर्षभरात कोणाचं तरी बोट मागते." कारागीरही असे की, मालकानं कुंकू लावल्याशिवाय दुसऱ्या दिवशी बटण दाबत नाहीत. तिथल्या सगळ्या कारखान्यांत हीच रीत.

म्हणून मी दसऱ्याची वाट पाहत बसले. मशीन प्रीतमचीच असेल तर त्या दिवशी तो पात्यापुढं बसणारच.

दसऱ्याच्या सकाळी सुमंतनं स्कूटर धुतली, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि नारळ फोडला. वाटी मोठी निघाली, गार्गीनं खोबऱ्याचा तुकडा पळवला. इथपर्यंत सगळं दरवर्षीसारखं. मग हा आंघोळ करून नवा शर्ट घालून माझ्या स्वयंपाकघरात आला. मी पाठमोरी होते, पुरणाचं पातेलं हलवत होते. पण स्टीलच्या डब्याच्या पोटात मागचं सगळं दिसतं. त्यानं टोपलीतला दुसरा नारळ उचलला आणि पिशवीत टाकला. वर लाल कापड. वर देवघरातला कुंकवाचा करंडा, अख्खा.

"एका स्कूटरले दोन नारळ कायले गा?"

तो दचकला, पण लगेच गोड झाला. "अवं आई, बेसाले माह्या दोस्तानं, केयूरनं, नवीन गाडी घेतली. पूजेले बोलावलं त्यानं."

"बेसात नारळ भेटत नाही?"

"घरचा बरा ना."

"अन् करंडा? केयूरच्या घरी बाया नाहीत का?"

तो हसत हसत वाकला आणि माझ्या पाया पडला. पाया पडायचं ते संध्याकाळी सोनं देताना. सकाळीच ॲडव्हान्समध्ये पडून गेला. आणि बेसाला जाणारा माणूस आमच्या फाटकातून उजवीकडं वळतो. सुमंत डावीकडं वळला.

मी जिन्याखाली उभं राहून हाक मारली. "रितिका, सुमंत कुठं गेला वं?"

"दवाखान्यात, आई. ड्युटी लागली आज."

पुन्हा तेच. मी म्हटलं, "साडी बदल अन् खाली ये. सोनं द्यायले जायचं आहे."

"आत्ता? संध्याकाळी देतात ना, आई?"

"पान सकाळी तोडलं की सकाळीच सोनं होते. चल."

"कोणाकडे जायचं?"

"लकडगंजात."

तिच्या तोंडावरचा रंग उडाला तो मी पाहिला, आणि पाहिला नाही असं केलं.

वेदिकाला मी घरीच बसवलं. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातावर सोनं ठेवायला कोणी पाहिजे, असं सांगितलं. खरं कारण वेगळं. माझा संशय खोटा निघाला असता तर तो माझ्याजवळच राहिला पाहिजे होता. भावाबद्दल असलं काही तिच्या कानावर घालायचं तर आधी माझ्या डोळ्यांनी पाहून घालायचं. रितिकाला सोबत घेतली ती प्रेमानं नाही. वर एकटी राहिली असती तर मी फाटकाबाहेर पडायच्या आत हिचा फोन गेला असता.

ऑटोत बसल्या बसल्या तिचा हात पर्सकडं गेलाच. मी आपट्याच्या पानांची मोठी पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. "दोन्ही हातांनी धर. आज एकबी पान रस्त्यात सांडू नाही."

"एक मिनिट, आई, फक्त मेसेज—"

"दोन्ही हातांनी."

दीक्षाभूमीकडं जाणाऱ्या माणसांनी रस्ते भरले होते. पांढरे कपडे, लहान पोरं खांद्यावर. ऑटोवाल्यानं आडवाटेनं काढलं. एका खड्ड्यात ऑटो आपटला तशी रितिका म्हणाली, "आई, माझं पोट दुखून राहिलं. घरी जाऊ ना आपण."

"सोनं देऊन झालं की थांबन दुखणं."

"खरंच दुखतंय हो."

"मलेबी महिना झाला दुखून राहिलं," मी म्हटलं. "मी सांगितलं का कोणाले?"

ऑटोवाला आरशातून पाहून हसला. "आई, कोणाच्या घरी छापा घालून राहिले का?"

"तू पुढं पाह्य गा. छाप्याचं मी पाहतो."

रितिका पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून बसली, जशी काही पानं नाही, तान्हं लेकरू आहे.

लकडगंज एरवी कान फाडतं. त्या दिवशी सगळे आरे गप्प. प्रत्येक दुकानाला झेंडूचं तोरण, उंबऱ्यावर रांगोळी, नारळाच्या करवंट्या इकडंतिकडं. प्रीतमच्या कारखान्याचं शटर अर्धं वर होतं. बाहेर हार घातलेली आमची स्कूटर. मी बोटानं दाखवली. "दवाखाना इकडं आला वाटते."

मी वाकून आत पाहिलं.

मला वाटलं होतं, प्रीतम पाटावर बसलेला दिसेल आणि सुमंत बाजूला बसून पेढा खात असेल. तसं असतं तर सोपं होतं. मशीन विकली म्हणणाऱ्याला मशीनची पूजा करताना धरलं, एवढीच गोष्ट. पण पाटावर प्रीतम नव्हता. प्रीतम बाजूला उभा होता, हातात आरतीचं ताट धरून, भटजीच्या मदतनीसासारखा. पाटावर नव्या शर्टात मांडी घालून माझा सुमंत बसला होता.

"मालक, आतां पात्याले कुंकू लावा," मिस्त्री म्हणाला.

आणि सुमंतनं माझ्या देवघरातल्या करंड्यात बोट बुडवून आऱ्याच्या पात्याला कुंकू लावलं. मग नारळ उचलला आणि फोडला. माझा नारळ. सक्करदऱ्याच्या बाजारात मी कानाजवळ हलवून, पाणी ऐकून घेतलेला.

मशीन विकल्याची नुसती थाप असती तर प्रीतमनं पात्याजवळ दुसऱ्याचा हात येऊ दिला नसता. तो माणूस बायकोशी खोटं बोलला, कोर्टाशी खोटं बोलला. पण पात्याशी खोटं बोलायची त्याची छाती नाही. म्हणजे मशीन खरंच त्याची राहिली नव्हती. ती माझ्या मुलाची झाली होती. आणि माझ्या मुलाजवळ मशीन घेण्याइतके पैसे नव्हते, हे माझ्याइतकं कोणाला माहीत? दर महिन्याच्या शेवटी वरच्या मजल्याचं दूध माझ्या नावावर येतं.

"सोनं घ्या," मी मोठ्यानं म्हटलं.

सगळे वळले. सुमंतच्या हातातली करवंटी तशीच राहिली. नारळाचं पाणी त्याच्या नव्या शर्टावर सांडलं.

मी रितिकाच्या हातातली पिशवी घेतली आणि आधी मिस्त्री आणि दोघा कारागिरांच्या हातावर पानं ठेवली. "सोनं घ्या बापा, सोन्यासारखे राहा." ते बिचारे पाया पडले. मिस्त्रीला विचारलं, "मालक कोण गा आतां इथला?"

"हे सुमंतभाऊ ना, काकू. आजपासून."

"मुहूर्त आजचाच काढला?"

"मशीन हातात घ्यायची तर दसऱ्यालेच घेतात, काकू. आज चुकलं तर वर्षभर थांबा."

"आई," प्रीतम ताट सावरत पुढं आला, "तुम्ही बसा ना, मी सांगतो—"

"आई कोणाले म्हणून राहिला गा? थो रस्ता कोर्टानं बंद केला. तू एवढंच सांग, मशीन विकली म्हणते ना कोर्टात? भाव काय भेटला?"

प्रीतमनं सुमंतकडं पाहिलं. सुमंतनं जमिनीकडं पाहिलं. मिस्त्रीनं दोघांकडं पाहिलं आणि कारागिरांना घेऊन मागच्या दारानं बाहेर गेला.

"बोल ना. पैसे कुठं गेले? वेदिकाचं कर्ज काहून नाही फेडलं त्यातून?"

तेव्हा रितिकाच माझ्यामागून रडत रडत बोलली. ऑटोपासून कोंडलेलं होतं तिचं. "पैसे दिलेच नाहीत, आई. सोमवारी ताईंनी सही केली की मशीन पूर्ण आमची. असंच ठरलं आहे यांचं. मी म्हटलं होतं, पूजा सोमवारनंतर करा. पण हे दोघं म्हणाले दसरा जाईल."

म्हणजे भाव असा होता. बहिणीची सही द्यायची आणि मशीन घ्यायची. प्रीतमची खावटी अर्धी, कर्ज वेदिकाच्या डोक्यावर, मशीन सुमंतला. सगळ्यांना काही ना काही मिळालं होतं. फक्त माझ्या पोरीला आणि तिच्या पोरीला मिळालं नव्हतं. आणि दसरा चुकू नये म्हणून चोर स्वतःच्या हातानं कुंकू लावून बसले होते.

"हाव, घेतली मशीन!" सुमंत एकदम ओरडला. शर्टावरचं पाणी झटकत उभा राहिला. "काहून घेऊ नाही? वेदिकाच्या लग्नात बाबांनी बेसाचा प्लॉट विकला. मले काय भेटलं? वरच्या खोल्या अन् तुहे टोमणे! जिंदगीभर खिडकीत बसून दुसऱ्यांचीच बिलं फाडू का मी?"

"अन् तुह्या कॉलेजच्या सीटले काय विकलं होतं गा? जे तू दुसऱ्या वर्षी सोडून घरी येऊन झोपला? गावचं वावर काय वाऱ्यानं उडून गेलं?"

"ते जुनं झालं!"

"प्लॉटबी जुना झाला."

"मशीन बाहेरच्याले गेली असती तर वेदिकाले काय भेटलं असतं, सांग? काहीच नाही. मी चालवून पैसा काढला असता. मंग हळूहळू तिचंबी पाहिलं असतं मी."

"हळूहळू," मी म्हटलं. "तिचा पगार तर दर महिन्याले जल्दी जल्दी कटते."

तो ओरडत होता, पाय आपटत होता, मानेची शीर फुगली होती. आणि खरं सांगते, मला जरा बरंच वाटलं. महिनाभर जो गोड बोलणारा माणूस माझ्या घरात वावरत होता, तो कोण होता कोणास ठाऊक. हा मात्र माझा होता. याच्याशी मला बोलता येत होतं.

प्रीतमनं आरतीचं ताट मशीनवर ठेवलं आणि चपला शोधायला लागला. "तू कुठं चालला?" मी विचारलं. "उभा राहा. यातलं अर्धं तुह्यासाठीच आहे." तो उभा राहिला.

सुमंत दमला. ओरडणारे लवकर दमतात. जरा वेळानं त्यानं कुंकवानं लाल झालेला हात माझ्यापुढं केला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आज दसरा आहे, आई. सोनं तरी दे."

मी पिशवीचं तोंड आवळून गाठ मारली.

"आईक, सुमंत. चार लोकांसमोर तू पात्याले कुंकू लावलं, नारळ फोडला, मालक झाला. मी नाही म्हणत नाही. मशीन तुही. मंग ज्या कर्जानं ही मशीन आली, थे कर्जबी तुहंच. वेदिकाच्या पगारातून जेवढं कटन, तेवढं तू दर महिन्याले तिच्या हातात ठेवशीन. सही वेदिका करणार नाही, हे मी घरी गेल्याबरोबर तिले सांगतो. अन् सोमवारी तू कोर्टात येशीन, या तुह्या प्रीतमजीले संग घेऊन, अन् वेदिकाच्या वकिलाले सांगशीन का मशीन कोणी देल्ली अन् कायच्या बदल्यात देल्ली. नाही आला तर मी उभी राहीन. चौथीच शिकली मी, पण बोलता येते मले, हे तुले माहीत आहे. वरच्या खोल्या आजवर फुकट होत्या. आतां तू कारखान्याचा मालक, मालक लोक फुकट राहत नाहीत. पहिल्या तारखेले किराया द्यायचा, तोबी माह्या हातात नाही, गार्गीच्या शाळेच्या बसवाल्याच्या हातात. अन् सोनं तुले पुढच्या दसऱ्याले भेटन, तेबी वेदिकानं दे म्हटलं तर."